पाम तेल गिरणीतलं सांडपाण्याचं तळं पुन्हा पुन्हा आंबतंय? चुन्याची पोती फोडण्याआधी हे तपासा

लक्षणं

ॲनारोबिक तळं, म्हणजे जिथे हवेविना जिवाणू काम करतात ते तळं, नीट चालत असेल तर पाणी काळं असतं आणि पृष्ठभागावर बुडबुडे सतत फुटत असतात. बिघाड सुरू झाला की आधी बुडबुडे मंदावतात. मग काळेपणा जाऊन पाणी करडं-तपकिरी दिसू लागतं. वर तेलकट, जाड साय धरते. वास आंबूस आणि नाकात चढणारा होतो. ७च्या आसपास असणारा पीएच ६.५वर येतो, पुढे ६च्याही खाली जातो, आणि काही दिवसांनी शेवटच्या तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मर्यादेबाहेर गेल्याचा रिपोर्ट हातात पडतो.

याच्या जोडीला बहुतेक वेळा आणखी एक गोष्ट दिसते, पण तिला कोणी लक्षण मानत नाही. कच्चं सांडपाणी उपसणारा पंप पूर्वी दिवसातून काही तास विसावा घ्यायचा, तो आता थांबतच नाही.

शेवटच्या तळ्यातलं पाणी चहासारखं तपकिरी आहे, एवढ्यावरून मात्र बिघाड झाला असं समजू नका. फळातल्या लिग्निन-टॅनिनसारख्या द्रव्यांचा तो रंग जिवाणूंना सहजासहजी तोडता येत नाही. बीओडी मर्यादेत असूनही रंग राहतो.

हा बिघाड मी वेगवेगळ्या गिरण्यांमध्ये पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे. सुरुवातीला मीही थेट तळ्याकडे जायचो, चुना टाकायचो, पीएच वर यायचा आणि दोन आठवड्यांत पुन्हा खाली जायचा. नंतर लक्षात आलं की मूळ कारण तळ्यात क्वचितच असतं. ते गिरणीच्या फरशीवर असतं: गरजेपेक्षा जास्त पाणी आणि हातातून निसटलेलं तेल. म्हणून खालच्या तपासण्या गिरणीच्या आत सुरू होतात आणि तळ्यावर संपतात. हा क्रम मोडू नका, कारण पहिल्या तीन तपासण्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

वही उघडा आणि एक भागाकार करा

गेल्या महिन्याचं रोजचं सांडपाणी घनमीटरमध्ये घ्या आणि त्या दिवशी शिजवलेल्या ताज्या घडांच्या टनांनी भागा. नेहमीच्या, म्हणजे आडवा स्टरिलायझर (घड वाफेने शिजवणारं भांडं) आणि क्लॅरिफायर (रसातलं तेल वर येऊ देणारी टाकी) असलेल्या गिरणीत हा आकडा टनाला ०.६ ते ०.७ घनमीटरच्या आसपास येतो. तेलाच्या हिशेबात बोलायचं तर १ टन कच्च्या तेलामागे साधारण २.५ टन सांडपाणी. त्यातलं सुमारे ६० टक्के क्लॅरिफिकेशनच्या गाळातून, ३६ टक्के स्टरिलायझरच्या कंडेन्सेटमधून (वाफ निवून झालेल्या पाण्यातून) आणि उरलेलं ४ टक्के हायड्रोसायक्लोनमधून (बियांचा गर आणि कवच पाण्यात वेगळं करणाऱ्या यंत्रातून) येतं.

मीटर नसेल तर पंपाचे तास आणि पंपाचा प्रवाह गुणा. अंदाज चालेल, पण तो रोज एकाच पद्धतीने काढलेला असावा.

समजा दिवसाला ६०० टन घड शिजतात. ०.६५ने ३९० घनमीटर सांडपाणी येतं. तळी ६० दिवसांच्या मुक्कामाची, म्हणजे पाणी तेवढे दिवस आत थांबेल अशी, बांधलेली असतील तर त्यांचं आकारमान २३,४०० घनमीटर असेल. आता तोच आकडा १वर गेला, म्हणजे रोज ६०० घनमीटर आलं, तर ६० दिवसांचा मुक्काम ३९ दिवसांवर येतो. घाण तेवढीच राहिली, तिला पचायला मिळणारा वेळ मात्र एक तृतीयांशाहून जास्त कमी झाला. मिथेन तयार करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. आम्ल तयार करणारे झपाट्याने वाढतात. मुक्काम आखडला की आम्लवाले पुढे धावतात, मिथेनवाले वाहून जातात आणि तळं आंबतं.

भागाकार ०.७च्या आत असेल तर पाण्याच्या तपासण्या भराभर उरका आणि तेलाकडे वळा. ०.८च्या वर असेल तर पुढची फेरी मन लावून करा.

बादली आणि घड्याळ घेऊन फेरी

२० लिटरची बादली न्या. चालू दिसेल त्या प्रत्येक होजखाली, पंपाच्या गळणाऱ्या ग्लँडखाली (दांड्याभोवतीच्या सीलखाली), ओव्हरफ्लोच्या पाइपखाली ती धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते लिहा. एक होज मिनिटाला २० लिटर सोडत असेल आणि कोणी ती बंद करत नसेल, तर दिवसाला २८.८ घनमीटर पाणी नुसतं वाहून गेलं. असे चार होज म्हणजे ११५ घनमीटर. होजच्या टोकाला दाबल्यावरच उघडणारं नोझल बसवलं की हे थांबतं. सांडलेला चोथा आणि गाळ आधी फावड्याने उचलायचा आणि मग लागलं तरच धुवायचं, ही सवय लागली तर आणखी कमी होतं. सवय लावायला आठवडे लागतात. सुपरवायझर स्वतः फावडं उचलतो तिथे ती लवकर लागते, एवढं मी पाहिलं आहे.

फेरीत स्वच्छ पाणी कुठे जातंय ते वेगळं लिहा. टर्बाइनच्या ऑइल कूलरचं पाणी, हायड्रॉलिक युनिटच्या कूलरचं पाणी, बॉयलरचा ब्लोडाऊन, म्हणजे त्यातून मुद्दाम सोडलेलं क्षारयुक्त पाणी. यांत सेंद्रिय घाण जवळजवळ नसते, तरी ती सांडपाण्याच्या गटारात सोडलेली आढळतात, कारण कधीतरी कोणाला तेच गटार जवळ पडलं. कूलरचं पाणी परत फिरवा. ब्लोडाऊन वेगळ्या वाटेने न्या.

पावसाचंही असंच. १,००० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५० घनमीटर पाणी होतं. एका गिरणीत तळं दर पावसाळ्यात आंबायचं आणि सगळे थंड हवेला दोष द्यायचे. मी भर पावसात छपराच्या पन्हळीपासून पाइपचा माग काढत गेलो, तर तो थेट ऑइल ट्रॅपच्या (सांडपाण्यावर तरंगणारं तेल अडवणाऱ्या टाकीच्या) आधीच्या गटारात उतरत होता. त्यात दुहेरी नुकसान होतं: तळ्याचा मुक्काम घटायचा आणि ट्रॅपमध्ये साठलेलं तेल जोराच्या प्रवाहाने ढवळून तळ्यात जायचं. एक पाइप वळवला आणि पुढचा पावसाळा निभावला.

गेल्या पंधरा दिवसांत गटारात काय ओतलं?

हा प्रश्न तिन्ही पाळ्यांना वेगवेगळा विचारा, आणि दरडावून विचारू नका. दरडावलं की खरं उत्तर मिळत नाही. टाकी कॉस्टिकने उकळून साफ केली का? बॉयलरच्या नळ्या आम्लाने धुतल्या का? पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचं मिठाचं पाणी कुठे गेलं? डिटर्जंटचा डबा रिकामा झाला का? तळं हळूहळू न बिघडता दोन-तीन दिवसांत गप्प झालं असेल, तर माझा पहिला संशय इथेच असतो. डिटर्जंटचा आणखी एक तोटा म्हणजे तो तेलाचे थेंब पाण्यात बांधून ठेवतो, मग ऑइल ट्रॅपमध्ये तेल वर येतच नाही.

सांडपाण्यातलं तेल

काचेच्या उंच भांड्यात गरम कच्चं सांडपाणी घ्या आणि गरम पाण्याच्या बादलीत उभं ठेवा. अर्ध्या तासाने वर तेलाचा थर दिसला, तर ते तेल ट्रॅपमध्ये सापडायला हवं होतं. थर दिसत नाही पण प्रयोगशाळेत तेल जास्त येतं, तर ते मिसळून बसलेलं आहे आणि कारण मागे क्लॅरिफिकेशनमध्ये आहे.

कच्च्या सांडपाण्यात तेल-ग्रीस लिटरला ४,००० ते ६,००० मिलिग्रॅम असतं. आकडा कोरडा वाटतो, म्हणून मी व्यवस्थापनाला नेहमी किलोत सांगतो. दिवसाला ४०० घनमीटर सांडपाण्यात प्रत्येक १,००० मिलिग्रॅममागे ४०० किलो तेल जातं. ५,००० असेल तर रोज २ टन. हा हिशेब ऐकल्यावर दुरुस्तीच्या मंजुरीला उशीर लागत नाही.

तळ्याच्या बाजूने पाहिलं तर १ किलो तेल पचवणं म्हणजे जवळजवळ ३ किलो सीओडीचा (रासायनिक पद्धतीने मोजलेल्या प्राणवायूच्या गरजेचा) भार. शिवाय तेलातून सुटणारी लांब साखळीची आम्लं जिवाणूंवर थर देऊन बसतात आणि त्यांचं काम मंदावतात. म्हणून भागाकार अगदी योग्य असूनही तळं आंबतं, तेव्हा तेल हेच कारण निघण्याची शक्यता मोठी.

ऑइल ट्रॅप रोज उपसला जातो का ते बघा. उपसलेलं तेल चांगल्या कच्च्या तेलात परत मिसळू नका. त्यातली मुक्त मेदाम्लं जास्त असतात आणि संपूर्ण टाकीची प्रत घसरते. ते वेगळंच साठवा.

प्रेसखालचं पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

स्क्रू प्रेसमधून निघणारा रस घट्ट असतो. त्यात गरम पाणी मिसळलं की तो पातळ होतो आणि क्लॅरिफायरमध्ये तेल वर येतं. पाणी कमी पडलं तर तेलाचे थेंब गाळात अडकतात. जास्त झालं तर तेवढंच पाणी पुढे सांडपाणी म्हणून बाहेर पडतं आणि क्लॅरिफायरमधला मुक्काम कमी झाल्याने तेलही सोबत जातं. दोन्हीकडे तेलाचं नुकसान आहे. तरी ऑपरेटरचा हात नेहमी जास्त पाण्याकडे वळतो, कारण कमी पाण्याने चाळणी तुंबते आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर तुंबते. तळं त्याला दिसत नाही. त्याला रागावून काही साधत नाही, त्याला मोजता येईल असं काहीतरी हातात द्यावं लागतं.

दर दोन तासांनी चाळणीनंतरच्या रसाचा नमुना घ्या आणि हाताच्या किंवा प्रयोगशाळेच्या लहान सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा. नळीत तेल, पाणी आणि गाळ असे तीन थर दिसतात. नेहमीच्या क्लॅरिफायरसाठी तेल ३५ ते ४० टक्के असावं. ३०च्या खाली असेल तर पाणी जास्त होतंय. पाण्याच्या पाइपवर रोटामीटर (प्रवाह दाखवणारी नळी) बसवा आणि योग्य जागी रंगाची खूण करा. झडप किती वळवली यावर विसंबू नका, पाण्याचा दाब बदलला की तीच झडप वेगळं पाणी सोडते. पाणी ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असावं. गार पाण्याने रस घट्टच राहतो आणि मग ऑपरेटर आणखी पाणी सोडतो.

प्रेस बंद असताना पाणी चालू राहतं का, हेही पहा. जेवणाच्या सुट्टीत जाऊन पाहा.

डिकँटर (घन भाग वेगळा काढणारं आडवं सेंट्रीफ्यूज) असलेल्या गिरण्यांना कमी पाण्यात काम करता येतं आणि घन भाग कोरडा बाहेर पडतो, त्यामुळे सांडपाणी आणि त्यातली घाण दोन्ही घटतात. पण डिकँटर घ्यायचा विचार या सगळ्या तपासण्यांनंतरचा. होज चालू ठेवून डिकँटर बसवला तर पैसे जातात आणि तळं आहे तसंच राहतं.

क्लॅरिफायर आणि सेंट्रीफ्यूज

क्लॅरिफायरचं तापमान ९० ते ९५ अंश असावं. खरा थर्मामीटर बुडवून बघा, पॅनेलवरच्या काट्यावर जाऊ नका. रस उकळत असेल तर बुडबुडे थर ढवळतात आणि वर आलेलं तेल पुन्हा खाली जातं. उघडी वाफ सोडून तापवत असाल तर लक्षात ठेवा, सोडलेल्या प्रत्येक टन वाफेचं टनभर पाणीच होतं. सुरुवातीला तापवायला उघडी वाफ ठीक आहे, नंतर बंद कॉइलवर तापमान टिकवा.

सेंट्रीफ्यूजमधून बाहेर पडणाऱ्या गाळात तेल वाढलं असेल तर नोझल झिजलेली असण्याची शक्यता असते. वाळू त्यांना घासते, भोक मोठं होतं, आणि गाळासोबत तेल सुटतं. नवीन नोझलशेजारी जुनं धरून भोकाचा व्यास मोजा. पुन्हा पुन्हा झिजत असतील तर आधीचा सँड सायक्लोन वाळू काढतच नाही, त्याची नळी तुंबलेली असते. नोझल बदलणं तुमच्या फिटरचं काम. बाउल थरथरत असेल तर मशीन बंद करा आणि कंपनीचा तंत्रज्ञ येईपर्यंत पुन्हा चालू करू नका.

स्टरिलायझरबद्दल थोडक्यात. कंडेन्सेटमध्ये तेल वाढलं की बहुधा घड जास्त पिकलेले, चेंगरलेले किंवा आवारात बराच वेळ पडून राहिलेले असतात. किंवा तळाच्या जाळ्या तुंबल्याने कंडेन्सेट वेळेत निघत नाही आणि फळं त्यातच उभी राहतात. जाळी साफ करणं सोपं आहे, पण दाब पूर्ण उतरल्यावर आणि परवानगीच्या चिठ्ठीनेच.

आता तळं

इथवर आल्यावर तळ्याला हात लावा. आधी तापमान. सांडपाणी गिरणीतून ८० ते ९० अंशांवर निघतं, आणि साध्या ॲनारोबिक तळ्यातले जिवाणू ३० ते ४० अंशांत खुश असतात. थंड करणारं तळं गाळाने भरलं असेल तर पाणी गरमच पुढे जातं.

मग पीएच, पण एकटा पीएच उशिरा बोलतो. तळ्यात साठलेली अल्कलिनिटी आधी आम्ल शोषून घेते, ती संपत आली की पीएच कोसळतो. म्हणून आठवड्यातून दोनदा वाष्पशील आम्लं आणि अल्कलिनिटी यांचं गुणोत्तर काढा. ०.३च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ०.४च्या वर चढू लागलं तर त्याच दिवशी भरणा (तळ्यात सोडायचं सांडपाणी) कमी करा, पीएच अजून ७ दाखवत असला तरी. ०.८ला पोचलं तर तळं हातातून निघालं आहे.

शेवटी गाळाची खोली. लांब बांबूला पांढरं कापड गुंडाळून तळापर्यंत रोवा आणि काळा चिखल कुठपर्यंत लागला ते बघा. काठावरून किंवा पक्क्या फळीवरून, कमरेला दोर बांधून आणि दुसरा माणूस सोबत ठेवून. सायीवर पाय देऊ नका, ती जमिनीसारखी दिसते पण वजन पेलत नाही. गाळ खोलीच्या एक तृतीयांशावर गेला असेल तर उपसण्याची वेळ झाली. पाणी येतं आणि जातं त्या जागा एकमेकींजवळ असतील किंवा सायीने वाट अडवली असेल, तर पाणी कडेकडेने निघून जातं आणि बाकीचं तळं निरुपयोगी पडून राहतं.

आंबलेलं तळं वळणावर आणण्यासाठी भरणा निम्म्यावर आणा, जमत असेल तर काही दिवस थांबवा आणि सांडपाणी दुसऱ्या तळ्याकडे वळवा. पुढच्या निरोगी ॲनारोबिक तळ्यातला पातळ काळा गाळ पंपाने इकडे फिरवा. हे त्याचं विरजण. त्यात जिवाणूही येतात आणि अल्कलिनिटीही. चुना लागलाच तर आधी १ लिटर नमुन्यात विरलेल्या चुन्याचं दूध थेंबथेंब घालून पीएच ६.८ला यायला किती लागतं ते मोजा, त्यावरून एकूण मात्रा काढा आणि ती चार-पाच दिवसांत विभागून द्या. कळीचा चुना थेट पाण्यात टाकू नका, तो उकळून उडतो आणि डोळे जातात. झाकलेल्या डायजेस्टरमध्ये (बायोगॅस धरून ठेवणाऱ्या बंद टाकीत) चुना टाकायचा विचारही स्वतः करू नका. तो कार्बन डायऑक्साइड शोषतो, आतला दाब घसरतो आणि झाकण आत ओढलं जाऊ शकतं.

बुडबुडे परत आले आणि गुणोत्तर ०.४च्या खाली टिकलं, की भरणा थोडाथोडा वाढवा. घाई केली की पुन्हा पहिल्या पायरीवर. पूर्ण सुधारायला काही आठवडे जातात, हे वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा.

तळ्यांची पद्धतच जुनाट म्हणून हे होतं, असं कोणी म्हटलं तर मलेशियाचं उदाहरण द्या. तिथे १९७७ साली पाम तेल गिरण्यांसाठी नियम झाले आणि बीओडीची मर्यादा १९७८ मधल्या ५,०००वरून १९८४ पर्यंत लिटरला १०० मिलिग्रॅमवर आणली गेली. कच्च्या सांडपाण्याचा बीओडी २५,०००च्या घरात असतो. बहुतेक गिरण्यांनी तो तळ्यांच्या मालिकेनेच उतरवला.

कुठे थांबायचं

खड्डा, टाकी, बंद गटार यांत उतरायचं असेल तर तिथेच थांबा. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. दशलक्ष भागांत साधारण १०० भागांवर तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असं नाही. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारू नका. गॅस मोजणारं यंत्र, श्वसनसंच आणि प्रशिक्षित माणसं आल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही.

बायोगॅसची पाइपलाइन, झाकणातली गळती, फ्लेअर (जादा गॅस जाळणारी ज्योत) यांना तज्ज्ञाशिवाय हात लावू नका. बांध पाझरत असेल, बाहेरच्या उतारावर ओल किंवा भेग दिसत असेल तर भरणा ताबडतोब थांबवा आणि स्थापत्य अभियंत्याला बोलवा. सांडपाणी ओढ्यात गेलं तर गिरणी थांबवा आणि प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला स्वतः कळवा. घरगुती सांडपाण्याच्या शंभरपट तीव्र असं हे पाणी आहे, ओढ्यातला प्राणवायू ते काही तासांत संपवतं आणि मासे मरतात.

भरणा थांबवून, विरजण फिरवूनही दोन आठवड्यांत पीएच ६च्या वर येत नसेल, तर प्रक्रिया अभियंत्याला बोलवा. तो येईल तेव्हा त्याच्यासमोर रोजचा भागाकार, तेल-ग्रीसचे आकडे, गुणोत्तराची नोंद, गाळाची खोली आणि गटारात काय ओतलं त्याची यादी ठेवा. नाहीतर तोही पहिल्या दिवशी चुन्याचीच चिठ्ठी लिहून देईल.